‘दूध बेडा’ म्हणणारं पोरगं गोंधळलेलं नाहीये

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा, राहायला पुण्यात. आईबाबा मराठी बोलतात, बाबांची आई मूळची धारवाडकडची म्हणून ती नातवाशी कानडीच बोलते, सांभाळायला येणाऱ्या मावशी हिंदी, आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. मुलगा सगळं मिसळून बोलतो, ‘दूध बेडा’, ‘आजी नीरु दे’, ‘मम्मा चलो’ असं. आईने मोजले तर ‘जेमतेम ३० शब्द’ भरले. प्लेस्कूलच्या मॅडम म्हणाल्या, चार भाषांमुळे मूल कन्फ्यूज झालंय, घरी फक्त इंग्रजी बोला. नातेवाईक म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, सोडून द्या. आणि आईचा शेवटचा प्रश्न असा, की मराठीत एवढी लिंगं आणि विभक्त्या आहेत मग इंग्रजी मुलांना सोपी पडते का, आणि जगभरची मुलं एकाच क्रमाने बोलायला लागतात का.

ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, या कामात २२ वर्षं झाली. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो, फक्त भाषा बदलतात, कुणाकडे मारवाडी आजी, कुणाकडे मालवणी आजोबा. आधी उत्तर देते मग कारणं सांगते. चार भाषांमुळे मूल गोंधळत नाही. पण चार भाषांमुळे उशीर होतो असंही नाही, त्यामुळे जर खरंच उशीर असेल तर त्याचं खापर भाषांवर फोडून गप्प बसू नका. हे दुसरं वाक्य लोक सोयीस्करपणे विसरतात. ‘घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून’ असं म्हणत वर्ष वर्ष काढलेली आणि मग कानात दोष निघालेली मुलं मी पाहिलीयत, आणि तो गेलेला काळ भरून काढायला आईबापांना आणि मुलाला दोघांनाही फार त्रास होतो.

आता ‘दूध बेडा’ घ्या. तुम्ही हे गोंधळाचं उदाहरण म्हणून लिहिलंय, मला ते वाचून हसू आलं, आनंदाने. बेडा म्हणजे नको. त्याने मराठीतली वस्तू घेतली, कानडीतला नकार घेतला आणि दोन्ही बरोब्बर क्रमाने लावले, कारण मराठी आणि कानडी दोन्हीकडे तो शब्द शेवटीच येतो. ‘बेडा दूध’ म्हणत नाहीये तो. नीरु म्हणजे पाणी, ‘नीरु दे’ मध्येपण तेच. दोन शब्द जोडून वाक्य करणं ही दोन वर्षांच्या मुलाकडून आपण ज्याची वाट बघतो तीच गोष्ट, आणि ती तो करतोय. शब्द कोणत्या डब्यातले हा नंतरचा प्रश्न. शिवाय एक बघा, नीरु तो आजीकडेच मागतो ना? मावशींना ‘नीरु’ म्हणतो का ‘पानी’? माझा अंदाज आहे की बऱ्याचदा माणूस बघून शब्द काढत असेल. एकेकाळी अभ्यासकांना वाटायचं की लहान मुलाच्या डोक्यात आधी दोन्ही भाषांची एकच खिचडी असते आणि मग ती हळूहळू वेगळी होते, १९७८ च्या सुमारास हे मत जोरात होतं. पुढे बारकाईने रेकॉर्डिंग ऐकल्यावर दिसलं की दोन-अडीच वर्षांची मुलंसुद्धा समोर कोण आहे त्याप्रमाणे भाषा बरीच बदलतात, आणि जिथे मिसळतात तिथे बहुतेकदा तो शब्द त्या भाषेत अजून मिळालेला नसतो एवढंच. आपण मोठी माणसं तरी काय करतो? ‘गाडी पार्क करून येतो’ म्हणणाऱ्याला कुणी कन्फ्यूज्ड म्हणत नाही.

३० शब्दांचा हिशोब परत करा. तुम्ही बहुतेक मराठी शब्द मोजलेत आणि त्यातही नावं. दूध, बॉल, भूभू, काऊ. इथे एक मोठी गडबड आहे आणि ती माझ्या क्षेत्राचीच आहे. नेटवर किंवा दवाखान्याच्या भिंतीवर जे तक्ते असतात ते मूळचे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून केलेले. इंग्रजीत आया बाळाला वस्तूंची नावं सारखी सांगतात आणि क्रियापद वाक्याच्या मध्ये कुठेतरी दबलेलं असतं, त्यामुळे तिथल्या मुलांचे पहिले शब्द बरेचसे नावंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ठसठशीत ऐकू येतं, आणि आपण ‘बॉल’ हा शब्द गाळून नुसतं ‘पडला!’ म्हणतो. म्हणून आपली पोरं दीड वर्षाची असताना पडलं, संपलं, गेली, आला, नको, दे, उचल हे बोलत असतात. हे सगळे शब्दच आहेत. मोजा. आजीच्या कानडीतले ‘बा’ (ये), ‘बेडा’, ‘हालु’ (दूध) मोजा, मावशींचं ‘चलो’ मोजा. भूर्र, मंमं, जोजो, गाईगाई हेपण मोजा, मूल ते ठरावीक अर्थाने वापरत असेल तर तो शब्द. एकच वस्तू दोन भाषांत सांगत असेल, नीरु आणि पानी, तर दोन मोजा. पन्नासच्या पुढे सहज जाईल असं वाटतं मला, करून बघा.

कोरियन भाषेतही क्रियापद शेवटी असतं आणि तिथली मुलं क्रियापदं लवकर उचलतात असं दिसलंय. मेक्सिकोत चियापास भागात त्सेल्ताल नावाची माया भाषा बोलतात, तिथे तर ‘खाणं’ एक नाहीच. मांस खाण्याचं क्रियापद वेगळं, मक्याची भाकरी खाण्याचं वेगळं, केळ्यासारखं मऊ काही खाण्याचं वेगळं. आणि तिथली लहान मुलं ही नेमकी क्रियापदं सुरुवातीपासूनच बोलतात, आधी एक सरसकट ‘मंमं’ शिकू मग बारकावे बघू असं काही नसतं त्यांचं. म्हणजे मुलाचा मेंदू रिकामी वही घेऊन येत नाही हे खरं, पण त्या वहीत पहिलं पान कशाचं हे भाषा ठरवते. जगात आज ७००० च्या आसपास भाषा आहेत, आणि मुलं कशी शिकतात याचा नीट अभ्यास त्यातल्या मूठभर भाषांवरच झालाय, इंग्रजी त्यात सगळ्यात पुढे. एकट्या पापुआ न्यू गिनीत ८०० हून जास्त भाषा. कुठे १०-१२ ध्वनींवर भाषा चालते, दक्षिण आफ्रिकेकडच्या काही भाषांत जिभेच्या टकटक आवाजांसकट शंभरावर ध्वनी. आणि या प्रत्येक भाषेचं मूल तीन-चार वर्षांचं होईतो भांडायला तयार असतं, तेही त्याच भाषेत.

आता सोपी-अवघड. हा प्रश्न मोठ्या माणसाचा आहे, मुलाचा नाही. आपल्याला जर्मन शिकताना लिंग अवघड जातं कारण आपण उशिरा, पुस्तकातून, नियम पाठ करून शिकतो. बाळाला ‘ती खुर्ची, तो पंखा, ते टेबल’ यात काहीच विचित्र वाटत नाही. तुर्की भाषेत शब्दाला शेपटीसारखे प्रत्यय एकामागोमाग जोडत जातात, मोठ्यांना बघून धडकी भरते, पण ते प्रत्यय इतके नियमित आणि स्पष्ट ऐकू येणारे आहेत की तिथली मुलं दोन वर्षांच्या आतबाहेर त्यातले बरेच नीट वापरायला लागतात. उलट डॅनिश बघा, व्याकरण काही फार भयंकर नाही, पण बोलताना व्यंजनं इतकी गिळतात आणि स्वरांत स्वर मिसळतात की शब्द कुठे संपला ते कळत नाही, आणि डेन्मार्कची बाळं शब्द समजण्यात सुरुवातीला इतर कित्येक भाषांच्या बाळांपेक्षा मागे असलेली आढळलीत. पुढे भरून काढतात अर्थात. मुद्दा असा की आपण ज्याला अवघड म्हणतो ते बाळाला अवघड असेलच असं नाही.

मराठीत मुलं कुठे अडखळतात ते बघायला मला अजूनही मजा येते. ‘मी करलं’. ‘बाबा जाला’. केलं, गेला हे वाकडे शब्द आहेत, मुलाने ‘करलं’ कुठेच ऐकलेलं नसतं, ते त्याने स्वतः बनवलेलं असतं, ‘धरलं’, ‘भरलं’, ‘मारलं’ वरून. पालक घाबरून येतात की आधी ‘केलं’ म्हणायचा आता बिघडला. बिघडला नाही हो, नियम सापडलाय त्याला. अमेरिकेत जीन बर्को या बाईंनी १९५८ मध्ये मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून, बनवलेलं नाव सांगून त्याचं अनेकवचन विचारलं होतं, कधीही न ऐकलेल्या शब्दाचं. मी आमच्याकडे त्याचा मराठी अवतार करते. कापडाचा एक विचित्र बाहुला आहे माझ्याकडे, मी म्हणते ‘हा गिपळा’. दोन ठेवले की चारेक वर्षांचं मूल म्हणतं ‘गिपळे’. त्याला लाडू दे म्हटलं की ‘कुणाला देऊ, गिपळ्याला?’ सामान्यरूप! शाळेत पाचवी-सहावीत ज्यावर मार्क जातात ते हे पोरगं शाळेत जायच्या आधी बिनचूक करतं, आणि शब्द माझ्या बाहुल्याशिवाय जगात कुठे नाही.

अजून एक मराठीचीच गंमत, मुलगे ‘मी येते’, ‘मी जाते’ म्हणतात. दिवसभर आईचं ऐकतात ना. यावरून आज्या काळजीत पडतात, एकदोन बाबा तर चिडून आले होते. काही करायला लागत नाही, बाबांनी जास्त वेळ मुलाशी बोलावं, हा उपाय मी मुद्दाम सांगते, आणि तो खरापण आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ मधला फरकही असाच, ऐकणाऱ्याला धरून की सोडून. इंग्रजीत तो नाहीच, तिथे दोन्हीला एकच शब्द. आपली मुलं ‘आम्ही चाललो’ म्हणून दादाला घरी सोडून जाताना तो शब्द कसा वापरतात ते बघा म्हणजे कळेल.

ध्वनींचं सांगते, कारण ‘इंग्रजी आधी, मराठी नंतर शिकेल’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. १९८४ मध्ये कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातली एक जोडी आपल्या ओळखीची आहे: हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’. इंग्रजी घरातली ६ ते ८ महिन्यांची बाळं हा फरक ओळखत होती. १० ते १२ महिन्यांची इंग्रजी बाळं जवळजवळ ओळखेनाशी झाली. हिंदी घरातल्या बाळांना मात्र त्या वयातही तो फरक ऐकू येत होता. म्हणजे पहिल्या वाढदिवसाआधीच कान आपल्या घरच्या भाषेला जुळवून घेतो, जे लागत नाही ते बाजूला टाकतो. म्हणून परदेशात वाढलेली आपली भाचरं ‘ताट’ म्हणताना घसरतात. दार कायमचं बंद होतं असं नाही, पण नंतर जोर लावून ढकलावं लागतं. त्याही आधीचं सांगू का, २००९ मध्ये ३ ते ५ दिवसांच्या फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणं रेकॉर्ड केलं होतं, तर फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक चढत जाणारा आणि जर्मन बाळांचा वरून खाली येणारा. पोटात असताना ऐकलेली चाल. आपल्याकडची बाळंतिणीला सांगणारी म्हातारी माणसं याला हसतील, म्हणतील आम्हाला माहीतच होतं, अभिमन्यू वगैरे. चक्रव्यूह नाही पण सूर नक्की पोचतो.

मग तुम्ही विचाराल की एवढं सगळं आपोआप होतं तर मोबाईलवर इंग्रजी राइम्स लावल्या तर काय बिघडलं. बिघडलं असं की त्याने भाषा येत नाही. अमेरिकेत सिअॅटलला पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने ९ महिन्यांच्या इंग्रजी बाळांना १२ वेळा मँडरिन चिनी ऐकवलं. एका गटाला समोर माणूस, खेळणी, पुस्तक. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर. समोर माणूस असलेली बाळं चिनी ध्वनी ओळखायला शिकली, टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. काहीच. हा २००३ चा अभ्यास आहे आणि माझ्या खोलीत त्याचा पुरावा रोज येऊन बसतो: ए टू झेड येतं, रंग इंग्रजीत येतात, आकार येतात, ‘ऑक्टॅगॉन’ येतं, आणि तहान लागली तर आईचा हात ओढत फिल्टरकडे नेतो, पाणी हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. यावर एक दिलासा, समोरासमोर व्हिडिओ कॉल हा टीव्ही नाही. आजी पलीकडून प्रतिसाद देते, ‘अरे हे काय आणलंस’ म्हणते, वाट बघते, त्यातून दोन-अडीच वर्षांची मुलं शब्द शिकतात हे दिसलंय. अमेरिका, दुबईवाल्यांनी हे लक्षात ठेवा, कॉलवर बाळाला आजीसमोर नुसतं धरून ठेवू नका, दोघांना काहीतरी करू द्या, एक घास काऊचा एक घास चिऊचा कॉलवरही होतो.

पण ‘बाळाशी भरपूर बोला’ हा जो आमचा पेटंट सल्ला आहे, तोही सगळ्या जगाचा नाही हे मान्य करायला हवं. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत आया तान्ह्या बाळाशी आपल्यासारखं लाडीक बोलत नाहीत, बाळाला लोकांकडे तोंड करून धरतात आणि त्याच्या वतीने उंच आवाजात स्वतःच बोलतात. जरा मोठं झालं की ‘असं म्हण’ असं सांगून घेतात. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत तर चार वर्षांखालच्या मुलाशी थेट बोलणं दिवसाच्या तासाला एक मिनिटसुद्धा भरलं नाही असं मोजलंय. ती मुलंही बोलायला शिकतात, भोवतीच्या बोलण्यातून, भावंडांतून, कामात सोबत राहून. हे सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या वाड्यातली मुलं अशीच शिकायची, कुणी फ्लॅशकार्ड धरली नव्हती. फक्त आज दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एक मावशी आणि एक बाळ, मावशींच्या हातात फोन, अशा घरात भोवती बोलणंच उरत नाही, म्हणून मग थेट बोलायला लागतं.

आणि अनेक भाषांचं म्हणाल तर आपल्याला हे बाहेरून शिकायची गरजच नाहीये. सांगली जिल्ह्यात कुपवाड आहे, तिथल्या भाषांवर १९७१ मध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी लिहिलेला अभ्यास जगभर शिकवतात. तेव्हाच्या त्या गावात कानडी, उर्दू, मराठी आणि थोडी तेलुगू घराघरांत वेगवेगळी, पण लोक शतकानुशतकं एकमेकांशी बोलून बोलून त्यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत जातं. तुमचा ‘दूध बेडा’वाला मुलगा तेच करतोय, कुपवाडला ते काही शे वर्षं चाललं आणि याला दोन वर्षं झालीत. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलतात, जिचं जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नातं सिद्ध झालेलं नाही, बोलणारे दोनेक हजार. ती माणसं कोरकू आणि मराठीही बोलतात. गावात कुणी त्यांना कन्फ्यूज म्हणत नाही. धोका उलटा आहे, मुलांशी घरी निहाली बोलणं थांबलं की भाषा एका पिढीत संपते.

तुमच्या घरी तेच होणार आहे, छोट्या प्रमाणात. मॅडमचं ऐकून आजीने कानडी सोडली तर आजी काय बोलेल? तुटकं इंग्रजी? ‘कम बेबी, ईट बेबी’. ज्या बाईकडे गोष्टी आहेत, रागावणं आहे, लाड आहेत, शिव्यासुद्धा आहेत, तिला तुम्ही वीस शब्दांवर आणून ठेवणार. मुलाला भरलेली भाषा लागते, आणि माणूस ज्या भाषेत रागावू शकतो आणि गोष्ट सांगू शकतो तीच त्याची भरलेली. प्लेस्कूलचं इंग्रजी प्लेस्कूलमध्ये येईल, त्याची काळजी करू नका, ते टाळायचं म्हटलं तरी पुण्यात टळणार नाही. तुम्ही मराठी, आजी कानडी, मावशी हिंदी, असंच चालू दे. अगदी काटेकोर ‘एका माणसाची एकच भाषा’ असं पाळायचीही गरज नाही, मिसळलं तर मिसळलं.

आता कामाचं, आणि हे टाळू नका. या आठवड्यात कानाची तपासणी करून घ्या, शब्द ५० भरले तरीही. जन्मल्यावर हॉस्पिटलमध्ये ‘पास’ लिहून दिलं होतं हे पुरेसं नाही, नंतरही दोष येऊ शकतो, आणि सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून महिनोन्महिने बोलणं पाण्याखालून ऐकल्यासारखं येतं. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकू येणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जा, मुंबईत कुणी असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. आणि मला हे कळवा: नावाने हाक मारली तर वळतो का, मागून, हात न दाखवता. बोट दाखवून ‘ते बघ’ करतो का, फक्त हवं म्हणून नाही, तुम्हाला दाखवायचं म्हणून. ‘चप्पल आण’ हे बोट न दाखवता कळतं का, कुठल्याही एका भाषेत. आधी बोलायचा आणि आता बंद झाले असे शब्द आहेत का. शेवटचं ‘हो’ असेल किंवा पहिल्या तीनांत ‘नाही’ असेल तर थांबू नका, मुलगे उशिरा बोलतात हे वाक्य तेव्हा कानाआड करा, लगेच डेव्हलपमेंटल, म्हणजे मुलांची वाढ-विकास बघणाऱ्या, डॉक्टरना दाखवा. शब्द पन्नासच्या आत असतील, पण समजतं सगळं, हातवारे आहेत, खेळतो, तर थेरपी लागेलच असं नाही, पण दोन महिन्यांनी परत मोजू.

‘ताऊ’, ‘ताता’ म्हणतो, काऊ आणि काका म्हणता येत नाही असंही तुम्ही लिहिलंय. ते सोडा. क चा त होणं या वयात नेहमीचं, र आणि ळ तर अजून बराच वेळ घेतील. फक्त त्याच्यासारखं बोबडं परत त्याला बोलून दाखवू नका, तुम्ही सरळ ‘हो, काऊ आला’ म्हणा, आणि ‘म्हण बघू काऊ’ असा तगादा लावू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच.